‘स्पॅनिश थ्री’ झालं, तरी बोलता का येत नाही?

पालकसभेत हा प्रश्न मला दर वर्षी येतो, आणि मराठी घरांतून तर हमखास. मुलगी सहावीपासून स्पॅनिश घेतेय, प्रगतिपुस्तकात कायम ‘ए’, आता स्पॅनिश थ्री, म्हणजे शाळेतल्या स्पॅनिशचा तिसरा टप्पा, तोही संपत आला. आणि परवा मेक्सिकन हॉटेलात गेलो तर बाईसाहेबांनी पाणीसुद्धा इंग्रजीतच मागितलं! मग शाळेत शिकवता तरी काय?

मी अमेरिकेत सरकारी शाळेत स्पॅनिश शिकवते. या प्रश्नाचं उत्तर मी व्याकरणापासून सुरू करत नाही, गुणाकारापासून करते.

हायस्कूलचा तास धरा ४५ मिनिटांचा. शाळेचे दिवस वर्षाला १८०. म्हणजे वर्षाला १३५ तास. नववी ते बारावी चारही वर्षं नेटाने स्पॅनिश घेतलं तर ५४० तास, तेही फायर ड्रिल, राज्याच्या परीक्षा, बर्फाच्या सुट्ट्या यांत एकही तास बुडाला नाही असं समजून. आता दुसरा आकडा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची प्रशिक्षण संस्था आहे, फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट. परदेशी नेमणुकीवर निघालेल्या अधिकाऱ्यांना ती भाषा शिकवते. तिच्या यादीत स्पॅनिश ही इंग्रजी भाषकांसाठी सगळ्यांत सोप्या गटातली भाषा आहे. तरीही कामकाज निभावण्याइतकी ती यायला ६०० ते ७५० तासांचे वर्ग लागतात, असा तिचा अनुभव. हिंदीला ती ११०० तास धरते. आणि हे शिकणारे कोण, तर मोठी माणसं, छोट्या गटात, दिवसभर दुसरं काम नाही, बदलीची तारीख डोक्यावर. आपल्या लेकीच्या वर्गात पंचवीस-तीस मुलं आणि पुढच्याच तासाला केमिस्ट्रीची टेस्ट.

प्राथमिक शाळेचा हिशेब तर आणखी गमतीचा. ‘आमच्याकडे केजीपासून स्पॅनिश आहे’ असं पुष्कळ शाळा सांगतात. वेळापत्रक बघितलं तर आठवड्यातून एकदा अर्धा तास. शाळेचे आठवडे ३६, म्हणजे वर्षाला १८ तास. केजी ते पाचवी सहा वर्षं: १०८ तास. हायस्कूलच्या एका वर्षाहूनही कमी. सहा वर्षं स्पॅनिश शिकलेल्या मुलाला सहावीत पुन्हा ‘ओला, मे यामो’ (नमस्कार, माझं नाव अमुक) इथपासून सुरुवात का करावी लागते, ते इथे कळतं.

आणि तिसरा प्रकार म्हणजे इमर्शन किंवा डुअल लँग्वेजची शाळा. तिथे निम्मा दिवस गणित, विज्ञान वगैरे स्पॅनिशमध्ये आणि निम्मा दिवस इंग्रजीत. जेवणाची सुट्टी, पीटी वजा केलं तरी वर्षाला चारशेच्या वर तास स्पॅनिशमध्ये जातात. पहिलीतलं पोर एका वर्षात जेवढं स्पॅनिश ऐकतं, तेवढं हायस्कूलच्या पोराला ऐकायला तीन वर्षं लागतात.

इयत्तेचा आकडा वेगळा, भाषेची पायरी वेगळी

‘स्पॅनिश वन, टू, थ्री’ ही पुस्तकांची नावं आहेत. भाषा किती येते ते मोजायला शिक्षक दुसरी पट्टी वापरतात. भाषाशिक्षकांची राष्ट्रीय संघटना आहे, ॲक्टफल नावाची. तिने १९८६ साली ही पट्टी पहिल्यांदा छापली आणि नंतर वेळोवेळी सुधारली.

तळाला नॉव्हिस. इथलं मूल पाठ झालेले शब्द आणि ठरलेली वाक्यं बोलतं: नाव, वय, रंग, आवडता पदार्थ. पुढे इंटरमीडिएट. इथे मूल स्वतःची वाक्यं जुळवायला लागतं, प्रश्न विचारतं, दुकानातला साधा व्यवहार पार पाडतं. ॲडव्हान्स्ड म्हणजे काल काय घडलं ते नीट क्रमाने सांगता येणं, बस चुकली किंवा सामान हरवलं तर त्यातून बोलून वाट काढता येणं. सुपीरियर म्हणजे मत मांडणं, वाद घालणं, ‘असं झालं असतं तर’च्या गोष्टी करणं. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, वर जावं तशी प्रत्येक पायरी जास्त वेळ खाते. हायस्कूलची दोन वर्षं झाली की बहुतेक मुलं नॉव्हिसच्या वरच्या टोकाला असतात. चार वर्षांनी इंटरमीडिएटच्या खालच्या किंवा मधल्या भागात.

आता युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला प्रवेशासाठी परदेशी भाषेची दोन वर्षं लागतात, तीन असली तर बरं असं ती म्हणते. परिणाम ठरलेला. कित्येक मुलं दोन वर्षं झाली की स्पॅनिशला रामराम करतात. म्हणजे वाक्य स्वतः जुळवायची वेळ येते, नेमकी तेव्हाच. (पाणी मागणं मात्र नॉव्हिसचंच काम आहे. ते न मागण्यात स्पॅनिशपेक्षा आईबाबा शेजारी बसल्याचा संकोच जास्त.)

वहीत काहीच नाही!

लहान वर्गांबद्दल पालकांची तक्रार उलटी असते. मूल घरी येऊन मांजराच्या गोष्टी सांगतं, पण वही कोरी. क्रियापदांचे तक्ते नाहीत, शब्दार्थ नाहीत, शुद्धलेखन नाही.

दुसरीचा वर्ग घ्या. माझ्या हातात कापडाचं मांजर. ‘आय उन गातो,’ एक मांजर आहे. ‘एल गातो तिएने आंब्रे,’ मांजराला भूक लागलीय. मी पोट चोळून दाखवते. मग प्रश्न: ‘एल गातो किएरे पित्सा?’ मांजराला पिझ्झा हवाय? सगळा वर्ग ओरडतो, ‘नो!’ ‘किएरे पित्सा ओ किएरे पेस्कादो?’ पिझ्झा हवाय की मासा? ‘पेस्कादो!’ ‘किएन किएरे पेस्कादो?’ कोणाला हवाय मासा? ‘एल गातो!’ मग एखादं बेरकी पोर हात वर करतं: मांजराला मासा नको, टाको हवाय. ठीक, टाको तर टाको. पुन्हा सगळे प्रश्न पहिल्यापासून.

यात एक शिस्त आहे. आधी हो-नाहीचा प्रश्न, मग ‘हे की ते’चा, मग ‘कोण, काय, कुठे’चा. पहिल्याला मान हलवली तरी चालतं, दुसऱ्याचं उत्तर प्रश्नातच असतं, तिसऱ्यापर्यंत शब्द कानात मुरलेला असतो. तीन-चार मिनिटांत ‘किएरे’ वीसेक वेळा कानावरून जातं आणि त्याचा अर्थ दर वेळी डोळ्यांसमोर असतो. पहिलं वर्षभर मूठभर क्रियापदांवर काम भागतं: आहे (त्याचे दोन प्रकार), अमुक तिथे आहे, अमक्याकडे आहे, जातो, हवंय, आवडतं.

ही पद्धत आकाशातून पडलेली नाही. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात आज्ञा ऐकून शरीराने ती करायची, बोलायची घाई करायची नाही, अशी रीत मांडली: उठा, बसा, डोक्याला हात लावा. स्टीफन क्रॅशन यांनी पुढे सिद्धांत मांडला की भाषा मुख्यतः समजेल अशा ऐकण्यावाचण्यातून येते. बेकर्सफील्डचे स्पॅनिश शिक्षक ब्लेन रे यांनी त्याला गोष्टींची जोड दिली. क्रॅशन यांचं म्हणणं सगळ्यांना सगळंच्या सगळं पटतं असं नाही, मलाही नाही. पण सात वर्षांच्या मुलापुढे क्रियापदांचा तक्ता टांगण्यात काही हशील नाही, एवढं मात्र वर्गात रोज दिसतं.

मूल काही महिने गप्प राहिलं तरी घाबरायचं कारण नाही. ‘मांजर कुठे गेलं?’ विचारल्यावर ते बरोबर बोट दाखवत असेल, तर त्याचं शिक्षण सुरू आहे.

वाचन मात्र मराठी माणसाला ओळखीचं वाटेल. स्पॅनिशमध्ये जवळपास जसं लिहितात तसंच वाचतात आणि स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. त्यामुळे इमर्शनच्या पहिलीत फळ्यावर ‘मा मे मी मो मू, पा पे पी पो पू’ अशी रांग दिसते. आजी-आजोबा शाळा बघायला आले की हमखास म्हणतात, अरे, ही तर बाराखडी!

इमर्शनची भानगड

निम्मा दिवस स्पॅनिश, निम्मा इंग्रजी, असा सरकारी शाळेतला पहिला गाजलेला प्रयोग मायामीच्या कोरल वे शाळेत १९६३ साली झाला. क्यूबातली क्रांती झाल्यावर तिथून आलेल्या कुटुंबांची मुलं आणि इंग्रजी बोलणारी मुलं एकाच शाळेत, दोन्ही भाषांत. नंतर राजकारणाचे वारे फिरले. कॅलिफोर्नियात १९९८ साली प्रपोझिशन २२७, म्हणजे शाळेत जवळपास सगळं इंग्रजीतच शिकवायला लावणारा कायदा, जनमताने मंजूर झाला आणि तिथल्या द्विभाषिक वर्गांचं मोठं नुकसान झालं. २०१६ च्या प्रपोझिशन ५८ ने ती बंधनं उठवली. युटा राज्याने २००८ साली कायदा करून राज्यभर निम्म्या-निम्म्या दिवसाच्या इमर्शन शाळा उभ्या करायला घेतल्या. तिथली इमर्शनची मुलं नववीतच ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटची, म्हणजे एपीची, कॉलेजच्या पातळीची परीक्षा देतील असं धरूनच आखणी असते. एरवी ती परीक्षा अकरावी-बारावीत देतात.

म्हणून इमर्शन म्हणजे रामबाण, असं मात्र नाही. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच इमर्शनमध्ये वर्षानुवर्षं शिकत होती. संशोधक मेरिल स्वेन यांना दिसलं की या मुलांना ऐकलेलं-वाचलेलं उत्तम कळतं, पण बोलण्यालिहिण्यात लिंग, काळ, क्रियापदांची रूपं यांचे घोटाळे तसेच राहतात. कारण नुसतं समजून घ्यायला अंदाजही पुरतो, बोलताना मात्र रूप नेमकं लागतं. स्वेन यांनी १९८५ साली यावर लिहिलं आणि तेव्हापासून चांगल्या इमर्शन शाळा मुलांना भरपूर बोलायला लावतात, चुका हळूच दुरुस्त करतात आणि थोडं व्याकरणही उघडपणे शिकवतात.

मधली वर्षं

सहावी ते दहावी हा सगळ्यांत अवघड पट्टा. इथे तक्ते येतात: आब्लो, आब्लास, आब्ला (मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो). ॲक्टफलची शिफारस आहे की वर्गात किमान ९० टक्के वेळ स्पॅनिशच बोलली जावी. प्रत्यक्षात शुक्रवारी दुपारी शेवटच्या तासाला ते किती पाळलं जातं, ते विचारू नका.

तक्त्यांवर माझा राग नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला नियम हवा असतो, आणि नियम कळला की ते लहान मुलापेक्षा भराभर पुढे जातं. ‘लहानपणीच भाषा पटकन येते’ हे निम्मंच खरं. तासाला तास लावला तर मोठी मुलं वेगाने शिकतात. लहान वयात सुरुवात करण्याचा खरा फायदा उच्चारात आणि पुढे मिळणाऱ्या वर्षांत. घोडं अडतं कुठे, तर तक्ता पाठ होणं यालाच भाषा येणं समजलं जातं तिथे. परीक्षेत सहाही रूपं बरोबर लिहिणारं मूल ‘काल काय केलंस?’ म्हटल्यावर वर्तमानकाळात उत्तर देतं.

घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना याच पट्ट्यात मोठा फायदा असतो. तो आपल्या लोकांना माहीतच नसतो. इंग्रजी मुलांना ज्या गोष्टी महिनोन्‌महिने छळतात, त्यांतल्या बऱ्याच मराठीत आयत्या आहेत.

‘मे गुस्ता’ घ्या. इंग्रजीत आवडणाऱ्याला कर्ता करतात, म्हणून इंग्रजी मुलं ‘यो गुस्तो’ असं काहीतरी करून बसतात. स्पॅनिशची घडण आपली आहे: मला आंबा आवडतो, ‘मे गुस्ता एल मांगो’, मला आंबे आवडतात, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. किंवा कर्माच्या आधी लागणारा तो ‘आ’. घर दिसलं तर ‘बेओ ला कासा’, मारिया दिसली तर ‘बेओ आ मारिया’. निर्जीव वस्तूला काही नाही, माणसाला मात्र ‘आ’. इंग्रजी मुलांना हा नियम वर्षभर विचित्र वाटतो. आपण रोज म्हणतो: मी घर बघितलं, मी मारियाला बघितलं.

भूतकाळाचे दोन प्रकार हा तर स्पॅनिश टूचा कुप्रसिद्ध धडा. एकदा घडून संपलेलं ते ‘कोमी’, नेहमी घडणारं किंवा चालू असलेलं ते ‘कोमिआ’. मराठी मुलाला म्हणावं: काल आंबा खाल्ला, ते ‘कोमी’, लहानपणी सुट्टीत आंबे खायचो, किंवा आंबा खात होतो तेवढ्यात फोन वाजला, ते ‘कोमिआ’. पाच मिनिटांचं काम. सब्जंक्टिव्हचं नाव ऐकून वर्गाला घाम फुटतो, पण ‘किएरो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावंस असं मला वाटतं’. ते ‘यावंस’ ज्याला घरी ऐकून माहीत आहे, त्याला निदान ही कल्पना परकी वाटत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा फरक, विशेषणाने लिंगवचनाप्रमाणे बदलणं, कर्ता गाळून नुसतं ‘येतो’ म्हणणं, तोंडातून हवा न सोडता उच्चारलेले प, त, क, हे सगळं असंच.

अर्थात सगळंच फुकट मिळत नाही. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोघांना आपल्याकडे एकच ‘आहे’. वर्गात एक मुलगा ‘मला कंटाळा आलाय’ म्हणायला उठला आणि ‘सोय आबुर्रिदो’ म्हणाला. म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. हवं होतं ‘एस्तोय आबुर्रिदो’. लिंगाचंही तसंच. स्पॅनिशमध्ये दोनच लिंगं आहेत, पण मराठीवरून अंदाज करायला जावं तर ‘मानो’ म्हणजे हात निघतो स्त्रीलिंगी.

हे सगळं तेव्हाच, जेव्हा घरात मराठी खरंच बोलली जाते. ‘स्पॅनिशचा गोंधळ नको म्हणून आम्ही घरी मराठी बंद केली’ असं सांगणारे पालक भेटतात तेव्हा कपाळाला हात लावावासा वाटतो.

वर्गात आणखी एक गट असतो, तो म्हणजे घरीच स्पॅनिश बोलणारी मुलं: मेक्सिकन, डॉमिनिकन, पोर्तो रिकन. ती झरझर बोलतात आणि लिहायला बसली की अडतात. न्यू जर्सीत वाढलेलं, आजीशी फर्ड्या मराठीत भांडणारं पण देवनागरी न येणारं पोर डोळ्यांसमोर आणा. अशा मुलांना स्पॅनिश वनमध्ये रंगांची नावं शिकायला बसवणं हा निव्वळ अपमान आहे. बऱ्याच शाळांत त्यांच्यासाठी वेगळे वर्ग असतात, तिथे शुद्धलेखन, वाचन, निबंध यांवर भर असतो.

वरचे वर्ग

वर पोचलं की एपीचे दोन अभ्यासक्रम. स्पॅनिश लिटरेचरचा अभ्यासक्रम हे साहित्याचं काम: मध्ययुगापासून आजपर्यंतच्या ३८ ठरलेल्या कृती, त्यांत सर्व्हान्तेस, बोर्हेस, लोर्का, रुल्फो. घेणारी मुलं थोडी. लँग्वेजचा, म्हणजे भाषेचा, अभ्यासक्रम मात्र पुष्कळ मुलं घेतात. गेली कित्येक वर्षं त्याच्या परीक्षेत एक ईमेलचं उत्तर, तीन स्रोत वाचून-ऐकून लिहायचा निबंध, रेकॉर्डिंगशी संभाषण (दर वेळी उत्तराला २० सेकंद) आणि दोन मिनिटांचं भाषण असं स्वरूप राहिलं आहे. भाषणात आपल्या समाजातली एखादी गोष्ट स्पॅनिशभाषक समाजातल्या गोष्टीशी ताडून बघायची असते.

इथे आपली मुलं उगाच बिचकतात आणि थँक्सगिव्हिंगवर बोलतात. मी त्यांना पितृपक्ष सुचवते. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला गेलेल्या माणसांसाठी घरात मांडणी करतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात, झेंडूची फुलं अंथरतात. आपल्याकडेही गेलेल्याच्या आवडीचं पान वाढतात आणि कावळ्याची वाट बघतात. आणि तो झेंडू तर मूळचा मेक्सिकोचाच. दोन मिनिटं कमी पडतात मग.

ज्यांना हायस्कूल संपताना दोन भाषांतलं प्रावीण्य दाखवता येतं, त्यांना ‘सील ऑफ बायलिटरसी’ मिळतो. २०११ साली कॅलिफोर्नियाने त्याचा पहिला कायदा केला, नंतर तो देशभर पसरला. दुसरी भाषा स्पॅनिशच हवी असं नाही. मान्य चाचणीची सोय असेल तर मराठीही चालते. स्पॅनिशसाठी रात्री जागणाऱ्या आणि मराठी शाळेत रविवारी कंटाळणाऱ्या मुलांच्या आईबाबांनी याची चौकशी जरूर करावी.

पुण्या-मुंबईतल्या आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या, शाळांत स्पॅनिश ‘अब इनिशिओ’ लोकप्रिय आहे. तो शून्यापासून सुरू होणारा अभ्यासक्रम, १५० तासांचा. म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलच्या एका वर्षाहून थोडासाच जास्त, हे लक्षात ठेवून अपेक्षा ठेवाव्यात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही माध्यमिक स्तरावर शिकवायच्या परदेशी भाषांत स्पॅनिशचं नाव आहे. बाहेरचा दाखला हवा असेल तर स्पेनच्या इन्स्तितूतो सर्व्हान्तेसची ‘देले’ परीक्षा आहे आणि तिची शाळकरी मुलांसाठी वेगळी आवृत्तीही आहे.

राहिला प्रश्न घरी काय करायचं याचा. शाळेचे तास आपल्या हातात नाहीत. पण रोज वीस मिनिटं स्पॅनिश कानावर पडलं तर वर्षाला १२० तास होतात, म्हणजे शाळेच्या वर्षाच्या जवळपास. त्यासाठी ॲपवर साखळी तुटू न देण्याची धडपड नको. मुलाने इंग्रजीत आधीच चारदा पाहिलेलं कार्टून स्पॅनिश डबिंगमध्ये लावा. गोष्ट माहीत असते, म्हणून शब्द आपोआप अर्थाला चिकटतात. खाली अक्षरं हवीत तर स्पॅनिशच ठेवा, इंग्रजी नकोत. इंग्रजी दिसलं की डोळे वाचत सुटतात आणि कान बंद होतात.